लगाम ओढला की जास्तच पळतो

प्रश्न : सारंगखेड्याच्या यात्रेतून चार वर्षांचा काठेवाडी घोडा आणला. स्वार होताच उधळतो, लगाम ओढला तर आणखी जोर करतो. काय करावं?

उत्तर : आधी पाठ आणि दात पशुवैद्याकडून तपासून घ्या, दुखणारा घोडाही असाच पळतो. मग ओढणं सोडा. ताणलेल्या लगामावर तो भार टाकतो आणि रेटत राहतो. वीस मीटर व्यासाच्या वर्तुळात दुडकी चालवा, दर दहा-बारा पावलांनी चाल बदला. श्वास सोडत बैठक जड करा, लगाम क्षणभर आवळा, तो सावरताच ढिला करा. हे ढिलं करणंच त्याचं बक्षीस, आणि नेमकं तेच स्वार विसरतात. वीस मिनिटं पुरेत. चंदी भरपूर आणि काम थोडं असेल, तर चंदी घटवून चारा वाढवा, रोज मोकळं सोडा.