पोथी शेवटाकडून पाहावी

दत्तभक्तहो, जनार्दनस्वामींचे शिष्य नाथमहाराज यांनी शके १५०६ मध्ये प्रती ताडून ज्ञानेश्वरी शुद्ध केली. हाताने नकला होताना पाठ बदलतात, म्हणून हे करावे लागते.

जुनी पोथी हाती आली की मी आधी शेवटचे पान बघतो. तिथे पुष्पिकेत बहुधा लेखनिकाचे नाव, गाव नि शक असतो. शकात ७८ मिळवले की साधारण इसवी सन आला. मात्र तो शक रचनेचा की नकलेचा, हे पाहावे. मग दोन प्रती ओवीस ओवी लावून ताडायच्या, बँकेत आम्ही खतावणी ताडायचो तशा.

तंजावरचे सरस्वती महाल ग्रंथालय १९१८ पासून सर्वांना खुले आहे. तिथे मराठी पोथ्याही जपल्यात. घरची जीर्ण पोथी नदीत सोडू नका, ग्रंथालयाला दाखवा. अडलेली ओवी कदाचित तीच सोडवील.