मिरची : आधी पान बघा, मग औषध


मिरचीची पानं वळली की आपण सरसकट "बोकड्या आला" म्हणतो अन् दुकानदार देईल ते मारतो. जरा थांबा.

पान वरच्या बाजूला होडीसारखं वळलंय? फुलकिडे. शेंडा पांढऱ्या कागदावर झटका, बारीक पिवळसर किडे पळताना दिसतील. सुरुवातीला 5 टक्के निंबोळी अर्क, निळे चिकट सापळे.

पान खाली वळून देठ लांबलाय? कोळी. नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही, भिंग लागतं. हा कीटकच नाही, आठ पायांचा. म्हणून बरीचशी कीटकनाशकं लागू पडत नाहीत, पैसे पाण्यात. पाण्यात मिसळणारं गंधक 80 टक्के, 10 लिटरला 30 ग्रॅम. भर उन्हात नको, पानं करपतात.

शंका असेल तर पानाचा वरून-खालून फोटो पाठवा, मगच पंप भरा.