मीटर खरं बोलत होतं, तरी नमुना गेला

मी पेडण्याची. आधी तुयेच्या, मग डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत गोळ्यांच्या कारखान्यांत काम केलं; पुढे पुण्यात अँटिबॉडी-औषधांच्या प्रयोगशाळेत लागले. गोळी एकदा दाबली की गप्प बसते. अँटिबॉडी बाटलीतही स्वस्थ बसत नाही. तिनं शिकवलेले हे धडे.

१. प्रथिनही फुटतं.
घरी सोलकढी कोणी उकळत नाही. नारळाचा रस फुटतो. अँटिबॉडीचे रेणूही उलगडले, एकमेकांना चिकटले की गुठळ्या होतात. औषधाचा गुण तर जातोच, शरीरही त्यावर उलटू शकतं.

२. आधी सामू (pH) सांभाळा.
बहुतेक अँटिबॉडींवरचा एकूण विद्युतभार सामू ७ ते ९ च्या दरम्यान कुठेतरी शून्य होतो. सामू ६ ला त्यांच्यावर धनभार असतो, म्हणून त्या एकमेकींना लांब ढकलतात. सामू धरून ठेवणारा पदार्थ म्हणजे बफर; हिस्टिडिन हे अमिनो आम्ल नेमका तिथलाच सामू धरून ठेवतं. स्तनाच्या कर्करोगावरच्या ट्रास्टुझुमॅबमध्ये तेच असतं, जोडीला ट्रेहॅलोज साखर.

३. सामू तोच, तरी बफर बदलला की निकाल बदलतो.
सायट्रेट या बफरवर एकाहून जास्त ऋणभार. दाट द्रावणात ते अँटिबॉडीचा धनभार झाकतं आणि रेणूंमधलं अंतर मिटू शकतं. प्रत्येक अँटिबॉडीचा स्वभाव वेगळा. करून पाहिल्याशिवाय कळत नाही. ॲडॅलिमुमॅब या अँटिबॉडी-औषधाच्या पुढच्या, दाट द्रावणातून सायट्रेट काढलं, तर टोचतानाची आगही कमी झाली.

४. गोठवताना फॉस्फेट बफरवर विसंबू नका.
एकदा सोडियम फॉस्फेटमधला नमुना मी उणे २० अंशांवर ठेवला. वितळल्यावर मीटरनं सामू ७ दाखवला, मी खूश. बाटली काळ्या पुठ्ठ्यासमोर उजेडात धरली, तर आत पांढरे तंतू तरंगत होते. गोठताना डायसोडियम फॉस्फेटचे स्फटिक आधी वेगळे होतात; उरलेल्या द्रवाचा सामू पार ४ पर्यंत घसरू शकतो. वितळलं की स्फटिक विरघळतात, आकडा जागेवर येतो. प्रथिन मात्र येत नाही.

५. बफर एकटा पुरत नाही.
बाटली हलली की हवेच्या कडेला प्रथिन उलगडतं. तिथे पॉलिसॉर्बेट हे साबणासारखं द्रव्य लागतं. आणि थंडावा २ ते ८ अंशांचाच.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या काकींचा गावाहून फोन आला. म्हापशाहून आणलेलं असलंच इंजेक्शन. "लायट गेली म्हणान फ्रीजरात दवरलां गो, चलता मगो?"

"गोठलं होतं?"

"व्हय, आता वितळलां. पाण्यासारखां साफ दिसता."

मला माझा तो ७ आकडा आठवला. म्हटलं, "काकी, साफ दिसलं तरी टोचू नका. डॉक्टरांना विचारून दुसरं आणा."