ओळखीची चोरी : बळी ठरलेल्या नागरिकाने काय करावे?

घरातील भांडे चोरीस गेले, तर ते जागेवर नाही हे डोळ्यांना दिसते. माणसाची ओळख चोरीस जाते तेव्हा मात्र काहीच हललेले दिसत नाही. आधारपत्र पेटीत असते, पॅनकार्ड पाकिटात असते, पासबुक कपाटात असते. आणि तरीही त्यांवरील क्रमांकांच्या आधारे दुसराच कोणी त्या माणसाच्या नावाने कर्ज काढतो, सिमकार्ड घेतो किंवा खाते उघडतो. चोरी झाल्याचे कळते ते पुष्कळदा अनेक महिन्यांनी, वसुलीची नोटीस दारात आल्यावर.

अनुदाने आणि शिष्यवृत्त्या थेट बँक खात्यांत जमा होऊ लागल्या, सातबारा संगणकावर आला, किराणा दुकानातील देणेही मोबाईलवरून दिले जाऊ लागले. या व्यवस्थेमुळे नागरिकाचे हेलपाटे वाचले, यात शंका नाही. तथापि, ज्या क्रमांकांवर ही सारी व्यवस्था उभी आहे, ते क्रमांक आता पैशाइतकेच मोलाचे झाले आहेत. ते सांभाळावे कसे, याविषयी बरेच सांगितले जाते. ते चोरीस गेल्यानंतर काय करावे, याविषयी मात्र त्या मानाने फारच थोडे बोलले जाते. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रश्नाचा विचार केला आहे.

गुन्ह्याचे स्वरूप

माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० यात २००८ साली दुरुस्ती होऊन कलम ६६-सी समाविष्ट झाले. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरी, पासवर्ड किंवा अन्य विशिष्ट ओळखचिन्ह लबाडीने वापरणे हा या कलमान्वये गुन्हा असून, त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. संगणकीय साधनाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसविल्यास कलम ६६-डी लागू होते. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही तोतयेगिरीने केलेल्या फसवणुकीसाठी कलम ३१९ आहे.

चोरीचे मार्ग अनेक आहेत. झेरॉक्सच्या दुकानात राहिलेली प्रत, बँकेतून बोलत असल्याचे सांगून विचारलेला ओ.टी.पी., अनोळखी दुव्यावरून मोबाईलमध्ये उतरलेले अॅप, ही त्यांतील नेहमीची उदाहरणे होत. नोंदणीकृत दस्तांवरील अंगठ्यांचे ठसे मिळवून, त्यांच्या कृत्रिम प्रतिकृतींच्या साहाय्याने आधार-आधारित व्यवहारातून पैसे काढल्याची प्रकरणेही देशात उघडकीस आली आहेत. तेव्हा बळी ठरलेला माणूस निष्काळजी किंवा अडाणीच असला पाहिजे, ही समजूत चुकीची आहे. ती घातकही आहे. कारण तिच्यामुळे उपजणारी लाज माणसाला गप्प बसविते, आणि गप्प बसण्यात जो वेळ जातो तोच चोराच्या पथ्यावर पडतो.

पहिले काही तास

खात्यातून अनधिकृत रक्कम गेल्याचे लक्षात येताच प्रथम १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर दूरध्वनी करावा. तक्रार केंद्रीय गृह मंत्रालयाच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवरही नोंदविता येते. गेलेली रक्कम सहसा एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात वेगाने फिरविली जाते. या क्रमांकावर दिलेली माहिती संबंधित बँकांकडे लगेच पोहोचते आणि रक्कम ज्या खात्यात असेल तेथेच ती गोठविण्याचा प्रयत्न होतो. रक्कम रोखीने काढली गेल्यावर हा उपाय दुबळा पडतो. म्हणून घरच्यांशी विचारविनिमय होईपर्यंत थांबणे इष्ट नव्हे.

त्याच वेळी आपल्या बँकेस कळवून कार्ड, नेटबँकिंग व यूपीआय बंद करवून घ्यावे. बँकेचा क्रमांक पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागील बाजूवरून घ्यावा. इंटरनेटवर शोधून मिळालेला क्रमांक भामट्यांचाच असण्याचा संभव असतो.

मोबाईलचे नेटवर्क कारण नसताना एकाएकी गेले आणि परत आले नाही, तर कोणी आपल्या नावाचे दुसरे सिमकार्ड मिळविले नाही ना, याची कंपनीकडे तत्काळ चौकशी करावी. तसे झाले असल्यास सर्व ओ.टी.पी. चोराच्या हाती पडत असतात.

आधार क्रमांकाचा गैरवापर झाल्याची शंका असल्यास आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून बोटांचे ठसे व डोळ्यांच्या प्रतिमा कुलूपबंद करता येतात. आधारचा वापर केव्हा व कशासाठी झाला, याची मागील सहा महिन्यांची नोंदही तेथे पाहावयास मिळते. या कामी १९४७ हा मदत क्रमांक उपलब्ध आहे. मात्र ठसे कुलूपबंद असताना ते स्वस्त धान्य दुकानातील यंत्रावरही चालत नाहीत. धान्य घेण्याच्या वेळी कुलूप तात्पुरते उघडावे लागते, हे संबंधित कुटुंबास आधीच समजावून सांगणे आवश्यक आहे.

तीन दिवसांचा हिशेब

अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारात ग्राहकाचे दायित्व किती, याविषयी रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी परिपत्रक काढून दंडक घालून दिला. दोष बँकेचा नाही आणि ग्राहकाचाही नाही, अशा प्रकरणात बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत ग्राहकाने तक्रार केली, तर त्याचे दायित्व शून्य ठरविण्यात आले. चार ते सात दिवसांत कळविल्यास त्याला मर्यादित भार सोसावा लागेल, आणि त्यानंतर बँकेच्या स्वतःच्या धोरणानुसार निर्णय होईल, अशी ही रचना होती. संदेश मिळाल्याचा दिवस या मोजणीत धरावयाचा नव्हता. तक्रारीनंतर दहा दिवसांत, म्हणजे कामकाजाच्या दिवसांत, रक्कम खात्यात तात्पुरती जमा करावी, नव्वद दिवसांत प्रकरण निकाली काढावे आणि ग्राहकाची चूक असल्यास ती बँकेने सिद्ध करावी, असेही त्यात सांगितले होते.

ग्राहकाने स्वतःच ओ.टी.पी. सांगितला असेल तर काय? या परिपत्रकानुसार अशा वेळी तक्रार करेपर्यंतचे नुकसान त्याच्या अंगावर येत असे. पण तक्रारीनंतर होणाऱ्या नुकसानीची जबाबदारी बँकेची, असे याच परिपत्रकात सांगितले होते. याचा अर्थ स्पष्ट आहे. चूक आपली असली, तरी तक्रार करणे निष्फळ नसते. किंबहुना, त्या क्षणापासूनच पुढच्या नुकसानीचा भार दुसरीकडे जातो.

यास्तव बँकेला केवळ तोंडी सांगून भागत नाही. लेखी अर्ज द्यावा, त्याच्या दुसऱ्या प्रतीवर दिनांक व शिक्क्यासह पोच घ्यावी. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिले नाही किंवा उत्तर समाधानकारक नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते. त्यासाठी कोणतेही शुल्क पडत नाही.

पोलीस ठाण्यातील नोंद

पोर्टलवर तक्रारीचा क्रमांक मिळाला म्हणजे गुन्हा दाखल झाला, असे समजू नये. पुढे कर्ज नाकारताना, नोटिशीस उत्तर देताना किंवा न्यायालयात, प्रथम खबरी अहवालाची प्रत हाच भक्कम आधार ठरतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ अन्वये गुन्हा कोठेही घडलेला असो, दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. खबर इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिल्यास तीन दिवसांत तिच्यावर स्वाक्षरी करावी लागते. अहवालाची प्रत खबर देणाऱ्यास विनामूल्य मिळते. ठाण्यात नोंद घेण्यास नकार मिळाल्यास पोलीस अधीक्षकांकडे लेखी कळवावे, आणि तेथेही दाद न लागल्यास दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाखालील गुन्ह्यांचा तपास निरीक्षक किंवा त्यावरील दर्जाच्या अधिकाऱ्याने करावयाचा असतो, हेही ध्यानात ठेवावे.

गोठविलेली रक्कम आपोआप परत येत नाही. ती मिळविण्यासाठी न्यायालयाचा आदेश किंवा विहित कार्यपद्धती पूर्ण करावी लागते आणि त्यासाठीही हीच कागदपत्रे लागतात. ज्यांचे मोठे नुकसान झाले आहे त्यांना माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ४६ अन्वये न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे पाच कोटी रुपयांपर्यंतच्या भरपाईचा दावा करता येतो.

न घेतलेले कर्ज

समजा, एखादा शेतकरी पीककर्जासाठी बँकेत गेला आणि त्याच्या नावावर कुठल्याशा वित्तसंस्थेचे कर्ज थकीत असल्याचे त्याला सांगण्यात आले. असे कर्ज त्याने कधीच घेतलेले नाही. अशा वेळी पुष्कळजण दोन चुका करतात. एक तर ‘आपले नाही ना, मग आपल्याला काय’ म्हणून ते दुर्लक्ष करतात. नाही तर वसुली करणाऱ्याच्या दडपणाखाली एखादा हप्ता भरून टाकतात. हप्ता भरणे म्हणजे कर्ज आपलेच असल्याचा पुरावा स्वहस्ते देण्यासारखे आहे.

त्याऐवजी कर्ज देणाऱ्या संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यास लेखी कळवावे की, हे कर्ज आपण घेतलेले नाही. मूळ अर्ज, ओळखीसाठी दिलेली कागदपत्रे, त्यांवरील छायाचित्र व स्वाक्षरी, आणि रक्कम ज्या खात्यात जमा झाली त्या खात्याचा तपशील मागावा. पैसा आपल्या खात्यात आलाच नाही, ही एकच गोष्ट पुष्कळदा प्रकरणाचा उलगडा करते.

देशात ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क अशा चार पतमाहिती कंपन्या आहेत. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा संपूर्ण पत अहवाल विनामूल्य मिळतो. चारही अहवाल पाहावेत. कारण एकीकडे नसलेली नोंद दुसरीकडे असू शकते. चुकीच्या नोंदीबाबत तक्रार केल्यास ती ३० दिवसांत निकालात निघाली पाहिजे. तसे न झाल्यास विलंबाच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई देण्याचा नियम २६ एप्रिल २०२४ पासून लागू झाला.

अन्यत्र शोध

एका ठिकाणी वापरलेली ओळख अन्यत्र वापरली गेली नसेल, असे गृहीत धरता येत नाही. दूरसंचार विभागाने मे २०२३ मध्ये सुरू केलेल्या ‘संचार साथी’ पोर्टलवर आपल्या नावाने किती मोबाईल जोडण्या आहेत ते पाहता येते व अनोळखी जोडणीची तक्रार करता येते. ही तपासणी महत्त्वाची आहे. कारण आपल्या नावाच्या सिमवरून तिसऱ्याच कोणाची फसवणूक झाली, तर चौकशी प्रथम आपल्याच दारी येते. प्राप्तिकर विभागाच्या वार्षिक माहिती विवरणात आपल्या पॅनवरील व्यवहार दिसतात. जो व्यवहार आपला नाही, तो तसा असल्याचे तेथेच नमूद करण्याची सोय आहे. पॅनच्या आधारे कोणी बनावट व्यापारी नोंदणी केली आहे काय, हे वस्तू व सेवा कराच्या पोर्टलवर शोधता येते.

याच काळात ‘तुमचे पैसे परत मिळवून देतो’ असे सांगणारे दूरध्वनी येतात. एकदा फसलेल्या माणसाला पुन्हा फसविण्याचा हा डाव असतो. पैसे परत देण्यासाठी कोणतीही शासकीय यंत्रणा आगाऊ रक्कम किंवा ओ.टी.पी. मागत नाही.

गावपातळीवरील जबाबदारी

वर सांगितलेले उपाय वाचण्यास सोपे असले, तरी एकट्या वृद्धेला किंवा मजुराला ते पार पाडणे अवघड आहे. तक्रारीची मुदत तिला ठाऊक नसते, अर्ज लिहिता येत नाही आणि कोणाकडे जावे हेही कळत नाही. ती प्रथम जाते ती ग्रामसेवकाकडे, शिक्षकाकडे किंवा ओळखीच्या पंचायत सदस्याकडे. तेथे तिला ‘ओ.टी.पी. दिलाच कशाला?’ हा प्रश्न ऐकावा लागला, तर ती पुढचे पाऊल उचलणार नाही. तेथल्या तेथे १९३० वर दूरध्वनी लावून दिला आणि बँकेचा अर्ज लिहून दिला, तर तिची बचत वाचण्याचा संभव मोठा आहे.

प्रत्येक प्रकरणासाठी एक साधी वही किंवा फाईल करावी. केव्हा, कोणाशी, काय बोलणे झाले, कोणता तक्रार क्रमांक मिळाला, याच्या नोंदी दिनांकवार ठेवाव्यात. पासबुकाचा उतारा, संदेशांची छायाचित्रे, अर्जांच्या पोच पावत्या त्यात लावाव्यात. मोबाईलमधील संदेश रागाच्या भरात पुसून टाकू नयेत.

कार्यालयांनी आणि शाळांनी स्वतःच्या दप्तराकडेही पाहिले पाहिजे. लाभार्थ्यांच्या याद्या आधार व खाते क्रमांकांसह सूचना फलकावर लावणे, विद्यार्थ्यांची कागदपत्रे मोबाईलवरील गटात पाठविणे, जुन्या अर्जांच्या प्रती रद्दीत घालणे, या सवयी सोडून द्यावयास हव्यात. जेथे शेवटचे चार अंक दाखविणारे आधार पुरेसे आहे, तेथे पूर्ण क्रमांकाची प्रत मागू नये. प्रत द्यावी लागलीच, तर नागरिकाने तिच्यावर दिनांक व कारण लिहावे.

मालमत्तेची चोरी एका रात्रीत होऊन जाते. ओळखीच्या चोरीचे परिणाम मात्र अनेक महिने, क्वचित वर्षेही पाठ सोडीत नाहीत. म्हणून पहिल्या दिवशीची तत्परता जितकी आवश्यक, तितकीच पुढील वर्षभराची दक्षता आवश्यक आहे. दर तीन-चार महिन्यांनी पत अहवाल आणि नावावरील मोबाईल जोडण्या तपासाव्यात. वेळीच दिलेली खबर आणि जपून ठेवलेला कागद ही दोनच साधने सामान्य नागरिकाच्या हाती आहेत. ती त्याने वापरावीत आणि वापरण्यास त्याला साहाय्य मिळावे, एवढे जरी झाले, तरी चोराच्या हाती गेलेले नाव पुन्हा धन्याच्या स्वाधीन होऊ शकते.