बाळ संध्याकाळी रडू लागतं तेव्हा



गेल्या नाताळात आपल्या मंडळ्यांकडून आलेल्या भेटींच्या खोक्यांत टोपडी, दुपटी, स्वेटर होते आणि ग्राइप वॉटरच्या सोळा बाटल्याही होत्या. बाकी सगळं वस्त्यांवर गेलं, बाटल्या मी वाटल्या नाहीत. दोघी-तिघी भगिनींनी फोन करून विचारलं, "ताई, बाटल्या पोहोचल्या ना?" फोनवर मला धड उत्तर देता आलं नाही. म्हणून या अंकातला अभ्यास त्याच विषयावर घेते.

आधी निर्गमचा दुसरा अध्याय काढावा. मोशेच्या आईने त्याला तीन महिने लपवून ठेवलं, पुढे लपवणं अशक्य झालं. हे तीन महिने आपण वाचताना सहज ओलांडून जातो. पण कोणत्याही बाळाचं सर्वांत जास्त रडणं याच तीन महिन्यांत असतं. बाहेर फारोचे लोक, आत रडणारं तान्हं! त्या घरातल्या संध्याकाळी कशा गेल्या असतील, हे लेकुरवाळ्या बायांना सांगायला नको. पुढे फारोची कन्या पेटी उघडते, तेव्हाही बाळ रडतच असतं आणि त्या रडण्यानेच तिला दया येते. मग ती काय करते? त्याला गप्प करायला काही देत नाही. पाजणारी बाई शोधायला सांगते, बाळ तिच्या हाती देते आणि त्या कामाची मजुरी ठरवते. ही मजुरीची गोष्ट लक्षात ठेवावी, शेवटी तिच्याकडे परत यायचं आहे.

आता रडण्याकडे वळू. दूध पितं, वजन वाढतं, ताप नाही, तरी दिवस मावळला की बाळ पाय पोटाशी घेऊन, मुठी वळून, लालबुंद होऊन तासन्‌तास रडतं. आपण म्हणतो पोटात कळ येते, गॅस धरतो. वस्तीवर म्हणतात नजर लागली. सांगलीकडच्या एका पारधी वस्तीवर एक आजी मला म्हणाली, "ताई, दिस बुडला की सुरू हुतंय बगा. सगळं केलं, राहतंच न्हाई." डॉक्टर याला कॉलिक म्हणतात. मॉरिस वेसल या अमेरिकन डॉक्टरांनी १९५४ साली त्याचं माप दिलं: दिवसात तीन तासांहून जास्त, आठवड्यात तीन दिवसांहून जास्त, तीन आठवड्यांहून जास्त काळ रडणं. साधारण पाच बाळांत एकाला असा त्रास होतो. दुसऱ्या आठवड्यापासून रडणं वाढत जातं, सहाव्या आठवड्याच्या सुमारास शिगेला पोहोचतं आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ओसरतं. बाळ दिवस भरण्याआधी जन्मलं असेल तर हे सहा आठवडे प्रसूतीच्या ठरलेल्या तारखेपासून मोजावेत. आपल्या वस्त्यांवर अशी बाळं बरीच असतात, म्हणून त्यांचं रडणं उशिरा सुरू झालं तर घाबरून जाऊ नये.

कारण? खरं सांगायचं तर एकच असं कारण सापडलेलं नाही. आतड्यांतले जंतू, गाईच्या दुधाचं न सोसणं, अजून न बसलेली दिवस-रात्रीची घडी, असं बरंच पुढे आलं आहे. आईचं दूध वाईट म्हणून किंवा आईने काही खाल्लं म्हणून, हे मात्र सर्रास सुनेवर ढकललं जातं. बहुतेक वेळा त्यात तथ्य नसतं.

आईला खरी धास्ती असते ती पुढची. एवढं रडलं तर डोक्यावर परिणाम होईल का? मोठेपणी चिडकं निघेल का? झोप कायमची बिघडेल का? याची उत्तरं बऱ्यापैकी मिळालेली आहेत. फिनलंडमधल्या डॉक्टरांनी कॉलिक असलेल्या बाळांची झोप यंत्रांनी तपासली आणि २००१ साली लिहिलं, की दुसऱ्या आणि सातव्या महिन्यातही या बाळांच्या झोपेची रचना इतर बाळांसारखीच असते. २०१८ साली ऑस्ट्रेलियातून आलेल्या अभ्यासात कॉलिक होऊन गेलेली मुलं दोन-तीन वर्षांची झाल्यावर वागण्यात वेगळी आढळली नाहीत, झोपेतही नाहीत.

एक अभ्यास मात्र नीट समजून घ्यावा. अमेरिका आणि नॉर्वेच्या संशोधकांनी ३२७ मुलं पाच वर्षांची होईपर्यंत पाहिली. ते काम २००४ साली छापलं गेलं. ज्यांचं रडणं तीन महिन्यांच्या आत ओसरलं, त्यांची बुद्धी इतर मुलांसारखीच होती. ज्यांचं रडणं तीन महिन्यांनंतरही तसंच राहिलं, त्या थोड्या मुलांचा बुद्ध्यांक सरासरी ९ गुणांनी कमी भरला, आणि हातांच्या बारीक हालचालींतही ती मागे होती. रडण्यामुळे बुद्धी कमी झाली असा याचा अर्थ नाही. आधीच काही कमी असेल तर रडणं हे त्याचं लक्षण असू शकतं. म्हणून पाचव्या महिन्यातही रडणारं बाळ 'त्याचा स्वभावच तसा' म्हणून सोडू नये. त्याला बालरोगतज्ज्ञाकडे न्यावं, वजन, ऐकणं, बघणं, मान धरणं तपासून घ्यावं.

थोडक्यात, तीन-चार महिन्यांत थांबणारं रडणं बाळाला इजा करत नाही. इजा होते ती त्याला थांबवण्यासाठी आपण जे करतो त्याने.

मेळघाटात पोट फुगलेल्या, रडणाऱ्या, धाप लागलेल्या बाळाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाचे चटके देतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये चिखलदरा तालुक्यातल्या २२ दिवसांच्या बाळाला असे ६५ चटके दिल्याची बातमी आपण सर्वांनी वाचली. ती वाचून आपल्या सभेत बरीच चुकचुक झाली. पण आपण एवढं लांब जायला नको. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरण्यांत काम करणाऱ्या बाया कामावर जाताना तान्ह्याला अफूची बाळगोळी देत, म्हणजे ते दिवसभर निपचित राही. त्या गिरण्यांत आपल्या सातारा जिल्ह्यातली कुटुंबं किती होती, ते आपल्याच घरातल्या म्हाताऱ्यांना विचारावं. अफूने बाळ गप्प होई, पण गप्प बाळ दूध मागत नाही, आणि न मागणारं बाळ वाळत जातं. ग्राइप वॉटरचं म्हणाल तर १८५१ साली इंग्लंडात ते निघालं तेव्हा त्यात चक्क मद्यार्क होता. मीही यातून सुटलेले नाही. माझा थोरला दीड महिन्याचा असताना औषधाच्या दुकानातून आणलेले पोटदुखीचे थेंब मी त्याला दोन दिवस पाजले. त्यात डायसायक्लोमिन होतं, ज्याने लहान बाळाचा श्वास अडू शकतो आणि जे सहा महिन्यांच्या आत द्यायचंच नसतं. हे मला फार उशिरा कळलं. चटके देणारी आईही लेकरू वाचावं म्हणूनच देते, एवढं आपण ध्यानात ठेवावं.

आता बाटल्यांबद्दल. हल्लीच्या ग्राइप वॉटरमध्ये मद्यार्क नसतो. बाळंतशोपेचं तेल, सोडा, कधी साखर असते. त्याने कळ थांबते असं सिद्ध झालेलं नाही. आणि पालावर उघडलेली बाटली, धूळभरला चमचा, डबक्याचं पाणी, यातून हगवण लागते. सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही. पाणी, मध, बाळगुटी, काहीच नाही, हे आम्ही वर्षभर सांगत फिरतो. त्याच तोंडाने बाटली कशी द्यावी? शिवाय बाटली दिली की आईला वाटतं, आपल्या दुधात काहीतरी कमी आहे.

मग द्यायचं काय? आदिवासी आईला जे येतं त्याचाच आधी मान राखावा. बाळ अंगाशी बांधून काम करणं, रडलं की लगेच पाजणं. कालाहारीतले सान आदिवासी असंच करतात. त्यांचीही बाळं साधारण याच वयात जास्त रडतात, पण एकेका वेळचं रडणं फार थोडं असतं. १९८६ साली कॅनडात करून पाहिलं, तेव्हा जास्त वेळ कडेवर घेतलेली बाळं सहाव्या आठवड्यात ४३ टक्के कमी रडली. मात्र कॉलिक सुरू झाल्यावर नुसतं उचलून घेतल्याने ते थांबतंच असं नाही, हेही आईला सांगावं, नाहीतर पुन्हा दोष तिच्याच माथी. अगदी असह्य झालं तर बाळाला सुरक्षित जागी उताणं ठेवून चार पावलं बाजूला जावं. संतापाने बाळाला गदागदा हलवलं तर मेंदूत रक्तस्राव होतो.

इथे आपल्या कामाची एक जागा रिकामी आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत घरी जाऊन नवजात बाळ सांभाळण्याची जी पद्धत घातली, तिच्या आधारावर २०११ पासून देशभर आशाताई घरोघरी जातात. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे त्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जातात. त्यानंतरची ठरलेली भेट एकदम तिसऱ्या महिन्यात. बेचाळिसावा दिवस म्हणजे सहा आठवडे पूर्ण! रडणं शिगेला असतं नेमकं तेव्हा घरी येणारं कोणी नसतं. चटका, मंत्र, दारूत बुडवलेलं बोट, हे सगळं मी पाहिलं ते याच मधल्या दिवसांत. ऊसतोडीच्या फडावर आलेल्या कुटुंबांकडे तर त्याआधीच्या भेटीही पुष्कळदा चुकतात, कारण आशाताईंची यादी गावची असते आणि कोपी दुसऱ्याच गावच्या शिवारात. साताऱ्याच्या डोंगरातल्या कातकरी वाड्यांवर अंतर आडवं येतं.

मिरजेत १८९४ साली डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी इस्पितळ उघडलं, तेव्हापासून आपल्या मंडळ्यांत परिचारिकांची घरं आहेत. निवृत्त भगिनींनी महिन्यातून दोन संध्याकाळी द्याव्यात, अशी माझी विनंती आहे. संध्याकाळीच, कारण रडणं तेव्हाच असतं. जाऊन बाळ तासभर मांडीवर घ्यायचं, आईला जेवू आणि आडवं होऊ द्यायचं, सासूबाईंशी बोलायचं. आणि बघायचं: बाळ ओढून पीत नाही, अंग तापलेलं किंवा गार आहे, हिरवी उलटी, शौचात रक्त, टाळू फुगलेली, मिनिटाला साठहून जास्त श्वास, आवाज क्षीण किंवा नेहमीपेक्षा वेगळा. यातलं एक जरी दिसलं तर ती कळ समजून थांबू नये, १०८ला फोन करावा.

ज्यांना जाता येत नाही त्यांनी बाटल्यांऐवजी पैसे द्यावेत. बाळंतिणीचे पहिले तीन महिने रोजंदारी बुडते म्हणून ती विसाव्या-पंचविसाव्या दिवशी कामावर जाते आणि बाळ सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या हाती राहतं. फारोच्या कन्येने आईला मजुरी दिली ती बाळाला पाजण्याची. आपणही तेवढ्यासाठीच देऊ या. इच्छुकांनी आपल्या पाळकांकडे नावं द्यावीत. पहिलं प्रशिक्षण पुढचा अंक निघण्याआधी घेण्याचा विचार आहे. आणि ज्या भगिनींनी त्या सोळा बाटल्या पाठवल्या, त्यांची नावं त्या यादीत सर्वांत वर दिसली तर मला फार आनंद होईल.