विचारणाऱ्याची शाळा

न्यू जर्सीच्या उपनगरातलं आमचं सरकारी हायस्कूल. नववी ते बारावी, दोन हजारांहून जास्त मुलं. सांगलीतल्या माझ्या शाळेत घंटा झाली की आम्ही बाकावर बसून राहायचो आणि बाई बदलायच्या. इथे शिक्षक आपापल्या खोलीत असतात आणि घंटा झाली की दोन हजार मुलं उठून चालायला लागतात. उठून जायचं काम मुलाचं आणि पालकांचं, हे कळायला मला लेकीची चार वर्षं लागली. नव्यानं आलेल्यांसाठी त्यातलं थोडं.

१. 'फुकट' हा शब्द जपून वापरा.
प्रवेशाला मुलाखत नाही, डोनेशन नाही. पत्ता कोणता, एवढंच बघतात. पण न्यू जर्सीत मालमत्ता कर भरायची वेळ आली की डोळे पांढरे होतात, आणि त्यातला साधारण निम्मा शाळांकडे जातो. भाड्यानं राहणाऱ्याच्या मुलाचाही शाळेवर तेवढाच हक्क. घर बघताना मात्र एजंटच्या शब्दावर राहू नका. हा पत्ता कुठल्या शाळेत मोडतो, ते जिल्हा शिक्षण कार्यालयात स्वतः विचारा. रस्त्याच्या पलीकडचं घर दुसऱ्या शाळेचं असू शकतं.

२. कुलूप आधी घरी उघडून पाहा.
लॉकरच्या कुलपाला किल्ली नसते, तीन आकडे असतात. उजवीकडे दोनतीन फेरे मारून पहिल्या आकड्यावर थांबायचं. मग डावीकडे, दुसरा आकडा एकदा सोडून पुन्हा येईल तेव्हा थांबायचं. मग उजवीकडे थेट तिसरा. ऑगस्टमध्ये तसलं कुलूप आणून आम्ही जेवणाच्या टेबलावर सराव केला. लेक तिसऱ्या खेपेला उघडायला शिकली, नवरा अकराव्या. शाळेत दोन तासांच्या मध्ये चार मिनिटं मिळतात. तिनं महिनाभरात लॉकर सोडलाच आणि चार वर्षं सगळं दप्तर पाठीवर वाहिलं. सराव वाया गेला म्हणत नाही. पहिल्या दिवसाची धडधड तेवढी कमी झाली.

३. गणिताची गाडी आठवीतच सुटते.
ही आमची चूक, म्हणून जरा सविस्तर. इथे गणिताच्या पायऱ्या ठरलेल्या: अल्जिब्रा एक, जॉमेट्री, अल्जिब्रा दोन, प्रीकॅल्क्युलस, कॅल्क्युलस. पहिली पायरी आठवीत झाली तर बारावीत कॅल्क्युलस येतं. नववीत सुरू केली तर चार वर्षांत पाच पायऱ्या बसत नाहीत, हा साधा हिशोब. लेकीला खालच्या तुकडीत घातलं आणि आम्ही म्हटलं, शाळेनं काहीतरी बघूनच ठरवलं असेल. शिफारस मान्य नसेल तर पालकांना एक फॉर्म भरून देता येतो, हे पुढच्या वर्षी कळलं, तेही शेजारच्या गुजराती बाईंकडून. मग एका उन्हाळ्यात पोरीनं जॉमेट्रीचा अख्खा वर्षाचा अभ्यास सहा आठवड्यांत उपसला. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही म्हणतात. आम्ही रडलोच नव्हतो.

४. समुपदेशक शोधत येणार नाही.
विषय निवडणं, कॉलेजचं शिफारसपत्र, मैत्रिणीशी फाटलं म्हणून येणारं रडू, सगळं एकाच माणसाकडे. एका समुपदेशकामागे २५० विद्यार्थी असावेत, अशी त्यांच्या राष्ट्रीय संघटनेची शिफारस आहे. म्हणजे शिफारसच एवढी मोठी! अकरावीच्या अखेरीस पत्र लिहायला बसल्यावर त्यांना तुमच्या मुलाचा चेहरा आठवायला हवा असेल, तर नववीतच दोनदा भेटायला सांगा. मुलानं एकट्यानं जायचं. आईनं गाडीतच बसायचं. हे मला जमायला वेळ लागला.

५. शुक्रवारी संध्याकाळी मैदानावर जा.
लेक मार्चिंग बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायची. बँडचा खर्च भागवायला पालक फुटबॉलच्या सामन्यांना खाण्याची टपरी चालवतात. जन्मभर अंडंही न खाल्लेली मी तिथे हातमोजे घालून हॉट डॉग विकत होते. कुठला विषय झेपेल, कुठला वर्ग टाळावा, शिक्षण मंडळाच्या निवडणुकीत कोण उभं आहे, हे सगळं मला त्या टपरीवर कळलं. शाळेच्या पत्रकांत यातलं काही नसतं.

६. जेवताना ड्रिलबद्दल विचारा.
न्यू जर्सीत कायद्यानं दर महिन्याला आगीचा एक सराव आणि सुरक्षेचा एक सराव घ्यावाच लागतो. "आज लॉकडाऊन होता. दिवे बंद करून कोपऱ्यात बसलो. आई, कोशिंबीर दे ना." या वाक्यांमध्ये तिनं श्वासही घेतला नाही. मी 'काही होत नाही गं' म्हणायचे आणि विषय संपायचा. नंतर मी नुसतं विचारायला लागले, "शेजारी कोण बसलं होतं?" मग ती बोलायची.

७. मराठी शाळेचे रविवार मोजायला लावा.
इंग्रजीखेरीज दुसरी भाषा नीट येणाऱ्या बारावीच्या मुलांना न्यू जर्सीत २०१६च्या कायद्यानं द्विभाषिकतेची मोहोर मिळू शकते. त्यासाठी ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं, चारही तपासतात. आमच्या शाळेत स्पॅनिश-फ्रेंचवाले भराभर नावं देत होते. मराठीचं कुणी विचारलंच नव्हतं. लेकीनं विचारलं. दोन महिन्यांनी परीक्षा झाली. लिहिताना 'ळ' चुकला की नाही, यावर घरी आठवडाभर वाद.

८. अठरा म्हणजे अठरा.
१९७४च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे मूल अठराचं झालं की शाळेतल्या नोंदींवरचा पालकांचा हक्क मुलाकडे जातो. लेकीचा अठरावा वाढदिवस मार्चमध्ये. एप्रिलात एका कॉलेजला गुणपत्रक गेलंय का, हे विचारायला मी समुपदेशकांना ईमेल लिहायला घेतली. अर्धी झाली होती. ती मागून वाचत उभी होती.

"आई, ते मी मंगळवारीच विचारलंय."

ईमेल पुसली आणि चहा टाकला.