राजधानीतील प्रेक्षणीय स्थळे

मुंबई पाहून आलेल्या विद्यार्थ्यांना आम्ही विचारतो, काय पाहिले? उत्तर ठरलेले : गेटवे, राणीची बाग, समुद्र. राजाबाई मनोरा पाहणाऱ्यांसही त्याच्याखालीच विद्यापीठाचे ग्रंथालय आहे, हे ठाऊक नसते.

याच शहरात बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले. १९१२ साली एल्फिन्स्टन महाविद्यालयातून पदवीधर झाले. १९४६ मध्ये त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले. नोकरी करणाऱ्यांस शिकता यावे म्हणून तेथे वर्ग सकाळी भरत. दादरचे ‘राजगृह’ तर ग्रंथसंग्रह डोळ्यांसमोर ठेवूनच बांधले गेले.

वणीच्या मुलामुलींनो, चैत्यभूमीस वंदन करून परतताना ही स्थळेही पाहा. पुढील खेपेस मात्र प्रेक्षक म्हणून नव्हे, विद्यार्थी म्हणून राजधानीत जा.